परतीचा आकडा

आमचे शेजारी हणमंतआबा जीप अगदी घराच्या फाटकाशी आणून उभी करतात आणि लगेच पुन्हा पुढे नेतात. फाटक आलं, ब्रेक लागला, मी पिशव्या गोळा करून एक पाय बाहेर टाकला, की आबांची नजर मीटरवर जाते. "आत्ता गं! एकांडा हाय की!" असं म्हणून गाडी परत गिअरमध्ये. पाय कसाबसा आत ओढायचा. मग कॉलनीला वळसा, मीटरचा आकडा बदलला की इंजिन बंद. घाई असली तर वळसा न घालता आबा सरळ रिव्हर्स टाकतात. जुन्या जीपचं मीटर ते, गाडी मागे गेली की तेही मागे फिरतं. माझं स्वतःचं घर मी असं पुढून आणि मागून इतक्या वेळा बघितलंय, की रंग कुठे कुठे उडालाय ते मला पाठ आहे.

एकांडा म्हणजे काय, हे मी एकदा विचारलं आणि फसले. "ज्याला कशानं बी भाग जात न्हाई, तो एकांडा," आबा म्हणाले. "एक आनि तो सोता. घरात तिसरं कुनी न्हाई." शाळेत आपण त्याला मूळ संख्या म्हणतो आणि परीक्षा झाली की विसरतो. आबा विसरले नाहीत. ते मूळचे वडूजकडचे. फौजेत गाडीवर होते. रस्ता बंद पडला की कॉन्व्हॉय जागच्या जागी थांबायची, आणि त्यांचे एक साऊथचे कर्नलसाहेब वेळ जावा म्हणून ड्रायव्हर लोकांना आकड्यांच्या जाती शिकवायचे. बाकीच्यांनी पत्ते कुटले. आबांनी आकडे घेतले, आणि पेन्शनीबरोबर ते साताऱ्याला किल्ल्याच्या पायथ्याशी, माझ्या शेजारी घेऊन आले.

त्यांच्या हिशोबाने आमचं घर पोटभर आहे. प्लॉट नंबर अठ्ठावीस. अठ्ठावीसला ज्यांनी ज्यांनी भाग जातो, एक, दोन, चार, सात, चौदा, त्यांची बेरीज करा. बरोब्बर अठ्ठावीस. ना कमी, ना जास्त. असा आकडा पोटभर. बेरीज जास्त भरली तर ढेरपोट्या, कमी भरली तर उपाशी. पोटभर आकडे फार दुर्मीळ. आबांच्या मीटरने शेवटचा पोटभर आठ हजारांच्या घरात पाहिला, आणि पुढचा तीन कोटींच्या पलीकडे आहे. "तेवढी गाडी चालवायची म्हंजी चंद्रावर सारखं भाजीला जाऊन यावं लागंल," असं ते म्हणतात, आणि हसत नाहीत.

आमचे हे चौसष्टाचे झाले, त्या दिवशी आबा मुद्दाम येऊन बसले. "सायेब, जपा. चौसष्ट हाय. बेरीज त्रेसष्ट भरतीया. एका घासानं उपाशी ऱ्हायलाय तुमी." माणसाला एवढं निमित्त पुरतं! वर्षभर आमच्या ह्यांनी प्रत्येक जेवणानंतर एक घास जास्तीचा मागून घेतला आणि वर आबांचं नाव सांगितलं. माझं एकसष्टावं वर्ष एकांडं निघालं, तर मला एकटीने विहिरीकडे जाऊ नका असा सल्ला. विहीर कुठली कपाळाची, नळाला पाणी आलं तरी पुष्कळ.

आबांचा स्वतःचा प्लॉट एकोणतीस. तो एकांडा. यावर कमळाताई, त्यांच्या पत्नी, खळखळून हसायच्या. ठेंगणी, सावळी बाई, पण हसणं असं की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. "आवं, दोघं दोघं ऱ्हातोय न्हवं आपन? मग एकांडं कसं?" असं त्या भांडी घासता घासता ओरडायच्या. त्या गेल्या आणि मग मला तो आकडा दाराबाहेर बघवेना.

त्या गेल्यानंतरच आबांची जीप सुटल्यासारखी धावायला लागली. कुणाला मेढ्याला पाहुण्यांकडे जायचंय, कुणाला वडूजच्या बाजाराला, आबा फाटकात हजर. डिझेल त्यांचं, वेळ त्यांचा. कॉलनीने काय, फुकटची गाडी म्हणून यथेच्छ वापरली. मीही वापरली, उगाच खोटं कशाला बोलू? अट एकच होती. पुढच्या डाव्या सीटवर कुणी बसायचं नाही. मागे चारजणं कोंबून बसली, मांडीवर मांडी आली, तरी पुढची सीट रिकामी. आणि त्या सीटला एक खोड होती. स्प्रिंग गेलेली. वजन पडलं की प्रत्येक खड्ड्याला किर्र वाजायची. रिकामी असली की गप्प. कमळाताई बसलेल्या असल्या, की जीप गल्लीच्या तोंडाशी आल्याचं मला त्या किर्र आवाजाने कळायचं.

आमचे हे एकदा हट्टाला पेटले. वडूजहून येताना पुसेगावच्या अलीकडे आबा आकडा बदलायला म्हणून भलत्याच रस्त्याला वळले, तसं ह्यांचं टाळकं सटकलं. "थांबवा! मी एसटीने जातो." आबा गयावया करायला लागले. "सायेब, एकांड्यावर उतरू नगा. मानूस एकटं पडतं." हे उतरले. घरी आले ते दिवेलागणीला, चालत आणि कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर. चेहरा उतरलेला. म्हणाले, दोन एसट्या हात करूनही थांबल्या नाहीत. चहाच्या गाड्यावर चहा मागितला, तर त्या माणसाने मान वर केली नाही. तीनदा मागितला. "मी दिसतच नव्हतो गं कुणाला."

"मला तरी कुठे दिसता," मी म्हटलं. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी जास्तीचा घास मागितला नाही, आणि मीही चेष्टा पुढे नेली नाही. अंगावर काटा आला होता. तसं कबूल मात्र केलं नाही.

मग एके दिवशी मी मागून वाकून पर्स उचलत होते, तेव्हा पुढच्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं दिसलं. 'औट ७०६६७'. आणि खाली 'इन', पुढे काही नाही. खडूची अक्षरं, पण पुसट झाली नव्हती. कुणीतरी परत परत गिरवत होतं.

"आबा, हे काय?"

त्यांनी गाडी बाजूला घेतली. मीटर बघितलं, आकडा चालणारा होता, इंजिन बंद केलं. आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं.

फौजेत गाडी बाहेर पडली की मीटर बघून औट लिहायचं, परत आली की इन. औट आहे आणि इन नाही, तर ती गाडी आलेलीच नाही. कितीही वर्षं झाली तरी ती ड्युटी चालू. कमळाताईंना मिरजेला ऑपरेशनला नेलं, तेव्हा दवाखान्याच्या फाटकात त्यांना उतरवताना आबांनी सवयीने मीटर बघितलं. सत्तर हजार सहाशे सदुसष्ट.

"आत ती, भाईर मी. काय करनार? भाग द्यायला लागलो. तीननं न्हाई, सातानं न्हाई, तेरानं न्हाई. एकोननव्वदला वाटलं, सुटलो. पर एक उरला. वैनी, एकच उरला बगा." आबांनी स्टिअरिंग पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं. "तसाच दोनशे त्रेसष्टपतुर गेलो. त्याच्या म्होरं बगायची गरज नसती. आकडा एकांडा. तवाच मला कळालं. डाक्टर नंतर भाईर आला."

कमळाताई परत आल्या त्या दवाखान्याच्या गाडीतून. आबा मागून रिकामी जीप घेऊन आले. पुढच्या सीटवर त्यांची पिशवी आणि चपला.

"तेराव्याला बसलोतो. सहज आकडा उलटा केला. शहात्तर हजार सहाशे सात. भाग देऊन बघितला, तर त्यो बी एकांडा. असलं लय कमी असतंय वैनी. उलटा केला की बहुतेक आकडा फुटतो, कशानं तरी भागला जातो. ह्यो फुटला न्हाई. कर्नलसाब म्हनायचे, असा आकडा गेला तरी परतीची वाट ठिऊन जातो. ह्यो परतीचा आकडा हाय." आबा माझ्याकडे वळले. "त्या आकड्याला मी त्याच फाटकात गाडी घेऊन हुबा ऱ्हानार. ती भाईर येनार. घरी आनायची ऱ्हायलीया नव्हं?"

हे सगळं भर दुपारी, समोर उसाच्या बैलगाड्या चाललेल्या, आणि मला पाठीमागून गार वारा लागल्यासारखं झालं. अशा वेळी माझी जीभ वाकडीच चालते. "मग मागेच चालवा की गाडी! रिव्हर्समध्ये टाका आणि जुन्या आकड्यावर न्या. झंझट मिटली."

आबा चिडले नाहीत. "मागं जाऊन काय करू वैनी? तितं ती आत निघालीया. परत तेच बगायचं व्हय?"



तर हे फुकटच्या गाडीचं रहस्य. सहा हजार किलोमीटरच्या आसपास अंतर कापायचं होतं आणि जीप म्हातारी. शेवटी आकडा जवळ आला, तेव्हा गाडीचं पासिंग संपायला आलं होतं. पुढचं पासिंग मिळणार नाही, गाडी भंगारात जाणार, हे नक्की झालेलं. एकच संधी. आबा फाटकात येऊन उभे राहिले, अंगात इस्त्रीचा शर्ट. "वैनी, उद्या मिरजेला येता का? बाईमानसाला आनायला बाईमानूस असलं तर बरं दिसतं."

आमचे हे म्हणाले, "वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं, "घरात भात लावलेला असेल, वाढून घ्या." आणि गेले.

आबांनी सगळं आधी मोजून ठेवलं होतं. कराड, इस्लामपूर, सांगली, कुठेही वळसा नाही, कुठेही चूक नाही. मिरजेत शिरलो तेव्हा ऊन नुसतं रणरणत होतं. मी मागच्या सीटवरून मान लांब करून मीटर बघत होते. दवाखान्याचं फाटक दिसलं तेव्हा मीटरवरचा सहाशे सात संपत आला होता, पण अजून होता. शहात्तर हजार सहाशे सात. आबांनी गाडी बरोब्बर फाटकात उभी केली. ते उतरून डावं दार उघडायला निघणार, एवढ्यात शिट्टी.

वॉचमन. "ओ, ॲम्ब्युलन्सचा रस्ता आहे! पुढे घ्या, पुढे घ्या!"

आणि काय सांगू तुम्हाला, आबांनी गाडी पुढे घेतली! आयुष्यभर फौजेत काढलेला माणूस. अंगात खाकी आणि तोंडात शिट्टी दिसली की पाय आपोआप हुकूम पाळतो. पार कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबले तेव्हा मीटरवर आठ आला होता.

आबा त्या आठाकडे बघत राहिले. "गेली," एवढंच म्हणाले. "वैनी, माझ्याच पायानं गेली."

मला राग आला. कुणाचा, ते विचारू नका. वॉचमनचा, मीटरचा, त्या आठाचा. ज्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नव्हता, तिच्यासाठी मी त्या भर रस्त्यात ओरडले, "आबा, रडताय काय? रिव्हर्स टाका!"

"मीटर ढिलं हाय, लगीच मागं फिरत न्हाई. फाटकापतुर मागं गेलो तरी आठच ऱ्हाईल. आनि लांब मागं जाऊन परत म्होरं आलो की फिरून आठ."

"म्हणून पुढे यायचंच नाही! जायचं तेही मागे, यायचं तेही मागे! फाटक ओलांडून पलीकडे जा, गाडी फिरवा, आणि मागे मागे फाटकात या. आमच्या गल्लीत रोज करता, इथे काय धाड भरली?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग रिव्हर्स टाकला. मी खाली उतरले आणि पदर खोचला. मिरजेच्या त्या रस्त्यावर रिक्षा, बुलेट, सलाइनची खोकी घेऊन निघालेला टेम्पो, सगळं मी दोन हात पसरून अडवलं. लोकांनी शिव्या घातल्या, मी दुप्पट घातल्या. वॉचमन पुन्हा शिट्टी घेऊन धावला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "दादा, आमचा पेशंट यायचाय. डिस्चार्ज झालाय. तीन वर्षं झाली. एक मिनिट थांबायला तुझं काय जातं?" तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघत शिट्टी खाली करून उभा राहिला.

जीप पाठमोरी लांब गेली, फिरली, आणि पाठमोरीच परत आली. हळूहळू. आठ अर्धा खाली सरकला, मग पूर्ण गेला. सात. फाटक.

आबा उतरले. डाव्या बाजूला आले, दार उघडलं. आणि लग्नापासून कुणासमोर ज्याने बायकोचं नाव घेतलं नाही, त्या माणसाने दवाखान्याच्या उघड्या फाटकाकडे बघून म्हटलं, "कमळे. चल गं. लय येळ झाला."

फाटकातून कुणी आलं नाही. एक नर्स डबा घेऊन गेली, एवढंच. आबा थोडा वेळ दार धरून उभे राहिले, मग त्यांनी ते अलगद लावलं, एखाद्याचा पदर अडकू नये तसं. मला रडू येत होतं. हे असं व्हायचंच होतं, मी मनात म्हटलं, आता घरी जाऊन या माणसाला चार दिवस जेवायला बोलवायचं.

गाडी निघाली. पहिला खड्डा आला आणि पुढची डावी सीट वाजली. किर्र.

मी सरळ बसले. दुसरा खड्डा. किर्र. रस्ता खराब असेल, मी म्हटलं. पण जातानाही हाच रस्ता होता आणि सीट गप्प होती. आबा गाडी जपून, खड्डे चुकवत चालवत होते, जातानासारखी नाही.

कराडला चहाला थांबलो. आम्ही दोघं खालीच उतरलो नाही, आबांनी खिडकीतून हात केला. टपरीवाला तीन कप घेऊन आला. एक मला मागे, एक आबांना, आणि तिसरा वळसा घालून त्याने डाव्या खिडकीतून आत धरला. धरूनच राहिला. मग सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गोंधळून म्हणाला, "चुकलं वाटतं." आबांनी तो कप त्याच्या हातातून घेतला आणि समोर काचेखाली ठेवला. पैसे तीन चहाचे दिले. साताऱ्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे कधी झालंय का.

उन्हं कलली होती. आबांनी जीप एकोणतीस नंबरच्या फाटकाशी उभी केली आणि इंजिन बंद केलं. मीटरकडे त्यांनी बघितलंच नाही. मी बघितलं, पण तो एकांडा होता की नव्हता, ते भाग देऊन बघायचं माझं धाडस झालं नाही. खिशातून खडू काढून त्यांनी 'इन'पुढे शहात्तर हजार सहाशे सात लिहिलं. मग मागे वळून अगदी संकोचाने म्हणाले, "वैनी, घरात बाईमानूस न्हाई. तेवढा भाकरतुकडा ओवाळून टाकता का?"

दवाखान्यातून माणूस सुखरूप घरी आलं की दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात. बाहेरचं काही मागे लागून घरात येऊ नये म्हणून. आणि मला तर मागे लागून आलं होतं त्यालाच ओवाळायचं होतं. मी आमच्या घरात गेले. हे म्हणाले, "आलीस? काय झालं?" मी उत्तर न देता सकाळची भाकरी मोडली, तांब्या भरला आणि परत गेले.

आबांनी डावं दार उघडून धरलं होतं. मी त्या मोकळ्या जागेवरून तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, तुकडा लांब फेकला. अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं. तोंडातून आपोआप निघालं, "या कमळाताई."

आबांनी हात पुढे केला, कोपराला आधार देतात तसा, आणि पायरीकडे निघाले. त्यांच्या उंचीला हात बराच खाली होता. ठेंगण्या माणसाला धरावा तेवढा. "जपून गं," ते म्हणाले, "पायरी उंच हाय."

मी त्यांच्या वाटेत, फाटकातच उभी होते. आणि खरं सांगते, मी बाजूला झाले. एकजण जाईल एवढी नाही. दोघं जातील एवढी.